एसओएस रिपोर्टर ग्लो देत नाही, नाहीतर कंट्रोलच ग्लो देतो: नेमकं कुठे अडकलंय ते कसं शोधायचं

एसओएस रिपोर्टर म्हणजे डीएनएला इजा झाली की चमकायला हवेत असे ई. कोलाय जिवाणू, चमक देणारी जीन त्यांच्यात प्लाझमिडवर, म्हणजे डीएनएच्या छोट्या गोल तुकड्यावर, घातलेली असते. त्यांच्याबद्दल तक्रारी दोनच प्रकारच्या येतात. एक म्हणजे डीएनएला इजा करायला माइटोमायसिन टाकलं, नॅलिडिक्सिक अॅसिड टाकलं, यूव्ही मारला, तरी ई. कोलाय ढिम्म. दुसरी म्हणजे काहीच न टाकलेली ट्यूब पण टाकलेल्या ट्यूबइतकीच चमकते, मग गाईडला दाखवायचं काय. आणि दोन्ही वेळेला सगळेजण पहिलं काम एकच करतात, प्लाझमिड सिक्वेन्सिंगला पाठवायचं. रिपोर्ट येईपर्यंत वाट बघायची, सिक्वेन्स ओके निघतो, मग प्रायमर बदलून परत क्लोनिंग, परत तेच, पहिले पाढे पंचावन्न.

माझं म्हणणं असं की बहुतेक वेळा घोळ त्या डीएनएच्या तुकड्यात नसतोच, तो तुकडा ज्या पेशीत ठेवलाय त्या पेशीत असतो, नाहीतर त्या पेशीला आपण ज्या हालात ठेवलंय त्यात असतो. म्हणून आधी पेशीला विचारा, सिक्वेन्सिंगवर पैसे नंतर घाला.

थोडक्यात मशीन कसं चालतं ते बघू, कारण पुढची सगळी चिकित्सा त्यावरच आहे. डीएनएला इजा झाली की रेप्लिकेशन अडखळतं आणि सिंगल स्ट्रँड डीएनए उघडा पडतो. त्यावर रेक-ए प्रोटीन लडीसारखं गुंडाळलं जातं. त्या रेक-एच्या फिलामेंटला लेक्स-ए भिडला की लेक्स-ए स्वतःलाच मधून कापून घेतो, ८४ नंबरचं अॅलानिन आणि ८५ नंबरचं ग्लायसिन यांच्या मध्ये. लेक्स-ए हा रिप्रेसर, तो गेला की त्याने दाबून ठेवलेली चाळीसेक जीन्स सुटतात, यालाच एसओएस रिस्पॉन्स म्हणतात, नाव मिरोस्लाव्ह रादमान यांनी सत्तरच्या दशकात दिलेलं. आपण काय करतो, त्यातल्या एखाद्या जीनचा प्रोमोटर, म्हणजे जीन चालू करणारा भाग, घेतो, सुल-ए, रेक-ए, उमु-डीसी, रेक-एन, कोणताही, आणि त्याच्यापुढे जीएफपी (हिरवं चमकणारं प्रोटीन) नाहीतर लक्स ऑपेरॉन (स्वतः प्रकाश देणारी जीन्स) बसवतो. म्हणजे ग्लो यायला तीन गोष्टी लागतात, पेशीला इजा कळली पाहिजे, पेशीला प्रकाश देता आला पाहिजे, आणि इजा व्हायच्या आधी ती गप्प असली पाहिजे. तिन्हीपैकी एक जरी नसेल तरी तुमचा बार चार्ट सपाट.

आधी हे बघा: स्ट्रेन, म्हणजे ई. कोलायचा वाण, कोणता?

क्लोनिंग डीएच फाइव्ह अल्फा या नेहमीच्या क्लोनिंगच्या स्ट्रेनमध्ये केलं, कॉलनी निवडल्या, मिनीप्रेप (पेशीतून काढलेला प्लाझमिड) चांगला आला, आणि मग त्याच डीएच फाइव्ह अल्फाला माइटोमायसिन दिलं. झालं. डीएच फाइव्ह अल्फा हा रेक-ए-वन आहे, म्हणजे त्याचं रेक-ए म्युटेशनमुळे निकामी आहे, आणि मुद्दामच तसं ठेवलेलं आहे, प्लाझमिडमध्ये रीकॉम्बिनेशन होऊ नये म्हणून. त्याच्यात लेक्स-ए कधी कापलाच जाणार नाही, तुम्ही अख्खी वायल ओतली तरी. टॉप-टेन, जेएम१०९, एक्सएल-वन ब्लू, सगळ्यांची तीच गत. लॅबच्या फ्रीजरमध्ये कॉम्पिटंट सेल (डीएनए आत घ्यायला तयार केलेल्या पेशी) म्हणून जे काही पडलेलं असतं त्यातलं जवळपास सगळं रेक-ए नसलेलंच असतं, आणि प्रोटोकॉल लिहिणाऱ्याला हे इतकं उघड वाटतं की तो लिहीतच नाही. शिवाय डीएच फाइव्ह अल्फा आणि जेएम१०९ मध्ये जायरेज-ए-९६ म्युटेशन पण असतं, म्हणजे नॅलिडिक्सिक अॅसिडला ते रेझिस्टंट. त्यामुळे त्यात नॅलिडिक्सिक घातलं की पेशी मजेत वाढतात आणि आपण म्हणतो औषध जुनं झालं वाटतं.

मग काय वापरायचं, तर एमजी१६५५ किंवा बीडब्ल्यू२५११३, दोन्ही ई. कोलायच्या के-१२ घराण्यातले, दोन्हीत रेक-ए शाबूत. बीएल२१ मध्ये रेक-ए आहे पण ते घेऊ नका, त्यात लॉन प्रोटीएज (प्रोटीन तोडणारं एंझाइम) नाही. सुल-ए प्रोटीन पेशीचं डिव्हिजन थांबवतं आणि एरवी लॉन ते नंतर साफ करतं. लॉनच नसेल तर सुल-ए तसंच राहतं, पेशी लांबच लांब होत जातात आणि मरतात. त्यात डीई-थ्री वालं व्हर्जन असेल तर लॅम्डा प्रोफेजची, म्हणजे जीनोममध्ये लपलेल्या व्हायरसची, भानगड वेगळी.

क्लोनिंग डीएच फाइव्ह अल्फामध्येच करा, त्यात काही चूक नाही, उलट ते बरंच आहे कारण तिथून काढलेल्या डीएनएवर मिथाइलचे शिक्के बसलेले असतात आणि एमजी१६५५ चं रिस्ट्रिक्शन एंझाइम त्याला हात लावत नाही. लायगेशन मिक्स किंवा गिब्सनचं मिक्स (तुकडे जोडायच्या दोन पद्धती) थेट एमजीमध्ये टाकलं तर कॉलनी कमी येतात ते याचमुळे. पण एकदा एमजीमध्ये गेल्यावर तिथून परत मिनीप्रेप काढायच्या भरीला पडू नका, त्यात एंडो-ए न्यूक्लिएज (डीएनए तोडणारं एंझाइम) जिवंत आहे, डीएनए खराब येतो आणि मग त्या खराब डीएनएवरून लोक नवीन शंका काढत बसतात.

स्टॉकच्या ट्यूबवर नाव एमजी१६५५ लिहिलंय म्हणून आतमध्ये तेच आहे असं समजू नका. रेक-ए तपासायची जुनी आणि फुकटातली पद्धत आहे. एका एलबी (जिवाणू वाढवायचं नेहमीचं माध्यम) प्लेटवर शेजारी शेजारी तीन सरळ रेघा ओढा, तुमचा स्ट्रेन, डीएच फाइव्ह अल्फा, आणि एक खात्रीचा रेक-ए असलेला. झाकण काढा, रेघांना आडवा असा अॅल्युमिनियम फॉइल लावलेला पुठ्ठा ठेवा, आणि कॅबिनेटच्या जर्मिसायडल दिव्याखाली दर काही सेकंदांनी तो पुठ्ठा थोडा थोडा मागे सरकवा, म्हणजे प्लेटच्या एका टोकाला शून्य सेकंद आणि दुसऱ्या टोकाला वीस-तीस सेकंद असा पट्टा तयार होतो. दिवा चालू असताना हात आणि डोळे सांभाळा, ग्लव्ह्ज आणि फेस शिल्ड घाला. मग लगेच फॉइलमध्ये गुंडाळून रात्रभर ३७ डिग्रीला. सकाळी डीएच फाइव्ह अल्फाची रेघ अगदी सुरुवातीलाच संपलेली दिसते, रेक-ए असलेली बरीच पुढपर्यंत गेलेली असते. तुमची रेघ कोणाशी जुळते ते बघितलं की वाद मिटला.

मायक्रोस्कोपखाली दहा मिनिटं

स्ट्रेन बरोबर आहे आणि तरीही ग्लो नाही, तर माइटोमायसिन दिल्यावर दीड-दोन तासांनी एक थेंब स्लाइडवर घ्या आणि फेज कॉन्ट्रास्टमध्ये, नाहीतर साधं क्रिस्टल व्हायोलेट लावून बघा. मला विचाराल तर या अख्ख्या प्रकरणातली सगळ्यात कामाची टेस्ट हीच आहे आणि कोणी करत नाही. एसओएस चालू झाला की पेशीचं स्वतःचं सुल-ए पण तयार होतं, पेशीचे दोन भाग करणारी एफटीएस-झेडची रिंग बनत नाही, पेशी लांबते पण तुटत नाही. कंट्रोलमध्ये आखूड आखूड काड्या, आणि ट्रीटेड स्लाइडवर त्याच्या पाच-दहा पट लांब दोरे दिसतात, फील्डच्या या टोकापासून त्या टोकाकडे वळसे घेत गेलेले, ते एकदा बघितले की विसरत नाही.

आता यातून काय कळतं ते बघा. दोरे दिसतायत पण ग्लो नाही, तर इजा झाली, पेशीला कळली, एसओएस चालू आहे, म्हणजे बिघाड रिपोर्टरमध्ये नाहीतर मोजण्यात आहे, आता खुशाल सिक्वेन्सिंगला पाठवा. दोरे नाहीत आणि ग्लोही नाही, तर रिपोर्टरला दोष देऊ नका, एसओएसच लागलेला नाही, औषध, डोस, स्ट्रेन यांच्याकडे वळा. एवढ्या एका स्लाइडने शक्यतांचं अर्धं झाड कापलं जातं. फक्त एक काळजी, मीडियामध्ये अॅम्पिसिलिनसारखं बीटा-लॅक्टम असेल तर त्याने पण पेशी लांबतात, तेव्हा ही टेस्ट कानामायसिनवाल्या प्लाझमिडवर किंवा अँटिबायोटिक न घालता करा.

औषध आणि डोस

माइटोमायसिन सी बऱ्याचदा २ मिलिग्रॅमच्या वायलमध्ये येतं आणि त्यात मीठ मिसळलेलं असतं, त्यामुळे वायलमधली पावडर वजनकाट्यावर मोजून घेतली तर मीठच जास्त येतं. वायलमध्येच ४ मिली निर्जंतुक पाणी टाकायचं, ०.५ मिलिग्रॅम प्रति मिली स्टॉक तयार, छान जांभळट-निळा रंग येतो. फॉइलमध्ये गुंडाळून ठेवा, उजेडात खराब होतं. त्यातून १ मिली कल्चरला १ मायक्रोलिटर म्हणजे फायनल ०.५ मायक्रोग्रॅम प्रति मिली, सुरुवातीला एवढं पुरे, १ पर्यंत न्या, त्याच्या फार वर जाऊ नका. हे कॅन्सरवर वापरलं जाणारं औषध आहे, डीएनएचे दोन स्ट्रँड एकमेकांना जोडून टाकतं, तुमच्या पण, तेव्हा ग्लव्ह्ज घालायचे आणि उरलेलं सिंकमध्ये ओतायचं नाही.

जास्त टाकलं म्हणजे जास्त ग्लो हा गैरसमज खूप पसरलेला आहे. ग्लो व्हायला पेशी जिवंत हवी, तिने आरएनए बनवायला हवा, प्रोटीन बनवायला हवं. डोस वाढवत गेलं की ग्लो वाढतो, एका ठिकाणी टोक गाठतो आणि मग कोसळतो, ग्राफ घंटेच्या आकाराचा येतो. सिप्रोफ्लॉक्सासिनमध्ये हे फार पटकन होतं, एमआयसीच्या (वाढ थांबवणाऱ्या किमान डोसच्या) आसपास ग्लो मस्त येतो आणि दहा-वीस पट वर गेलात की शांतता. ती शांतता बघून कोणी लिहितं, सिप्रो एसओएस इंड्यूस करत नाही. म्हणून एकच डोस कधी लावू नका, दुप्पट-दुप्पट डायल्यूशनची आठ वेल तरी लावा, आणि आपल्याच स्ट्रेनची एमआयसी आपल्याच मीडियामध्ये काढून घ्या.

यूव्हीचे घोळ वेगळे. लोक एलबीमधलं कल्चर तसंच दिव्याखाली ठेवतात, एलबी २५४ नॅनोमीटरचा यूव्ही पिऊन टाकतं, खालच्या पेशींना काही पोचतच नाही. काहीजण तर झाकणासकट ठेवतात, पॉलिस्टायरीनचं झाकण २५४ जवळपास पूर्ण अडवतं. सेल सेंट्रिफ्यूजमध्ये खाली बसवा, ०.९ टक्के सलाइनमध्ये घ्या, ९० मिलिमीटरच्या पेट्री डिशमध्ये ५ मिलीचा पातळ थर, झाकण काढून, हलवत हलवत. डोस ज्यूलमध्ये मोजा, मिनिटात नाही. मीटरवर १०० मायक्रोवॅट प्रति चौरस सेंटिमीटर दाखवत असेल तर ते झालं १ वॅट प्रति चौरस मीटर, म्हणजे २० सेकंदात २० ज्यूल प्रति चौरस मीटर, आणि एसओएससाठी ५ ते ४० ज्यूलच्या आतलंच काम आहे. कॅबिनेटमध्ये पंधरा मिनिटं यूव्ही लावायची सवय असते ना, निर्जंतुक करायला, तेवढाच वेळ कल्चरला दिला तर मागे फक्त प्रेतं उरतात. आणि दिवा जेल बघायच्या ट्रान्सइल्युमिनेटरचा असेल तर त्यावर काय लिहिलंय वाचा, ३६५ वाला असेल तर एवढ्या वेळात इजा नगण्य.

त्यानंतरची गोष्ट सगळ्यात जास्त विसरली जाते, ती म्हणजे उजेड. ई. कोलायकडे फोटोलायेज नावाचं एंझाइम आहे, ते निळ्या उजेडाची ऊर्जा वापरून यूव्हीने जोडलेले थायमिन परत सुटे करतं. तुम्ही यूव्ही मारून डिश बेंचवर ट्यूबलाइटखाली, त्यातून खिडकीजवळ ठेवली आणि चहाला गेलात, की येईपर्यंत पेशीने निम्मं काम निस्तरलेलं असतं. यूव्ही दिल्यापासून पुढे सगळं फॉइलमध्ये, रूममधला दिवा मंद किंवा पिवळा.

इजा कळतेय पण प्रकाश नाही

दोरे दिसले पण ग्लो नाही, त्यांच्यासाठी हे.

लक्स वापरताय तर कोणाचं लक्स ते बघा. अॅलिव्हिब्रियो फिशेरी समुद्रातला, त्याचं ल्युसिफरेज ३० डिग्रीच्या वर टिकत नाही, ३७ ला इन्क्युबेट केलं की गेलं. फोटोरॅब्डस ल्युमिनेसेन्सचं लक्स ४० च्या वर पण टिकतं, ३७ ला काम करायचं तर तेच. फिशेरीचंच असेल तर सगळा प्रयोग २६-२८ ला करा आणि वेळ जास्त द्या. दुसरं म्हणजे पूर्ण लक्स-सीडीएबीई आहे की नुसतं लक्स-एबी. एबी म्हणजे फक्त ल्युसिफरेज, त्याला लांब साखळीचं अल्डिहाइड लागतं, ते लक्स-सीडीई बनवतात. नुसतं एबी असेल तर बाहेरून डेकॅनल घालावं लागतं, आणि ते घातलं नाही तर अंधारच.

आणि ऑक्सिजन. ल्युसिफरेजच्या रिअॅक्शनला ऑक्सिजन लागतो, रिड्यूस्ड फ्लाविन लागतं. दाट कल्चर ट्यूबमध्ये काही मिनिटं स्तब्ध ठेवलं की ऑक्सिजन संपतो आणि ग्लो मंदावतो. अंधाऱ्या खोलीत डोळे सरावायला दहा मिनिटं द्या आणि मग अशी ट्यूब हातात धरून बघा, फक्त वरच्या पातळीला, जिथे हवा लागते तिथे, निळसर-हिरवी एक कडी दिसते, बाकी खाली काळोख. ट्यूबला एक झटका द्या, सगळी ट्यूब एकदम उजळते आणि परत हळूहळू विझत वर सरकते. प्लेट रीडरच्या वेलमध्ये पण हेच चालू असतं, फक्त दिसत नाही. त्यामुळे रीडिंगच्या मध्ये शेकिंग लावा, ओडी (कल्चरचा गढूळपणा) ०.५ च्या आत ठेवा, सील वापरायचा तर हवा जाणारा वापरा.

जीएफपी असेल तर त्याला पिकायला, म्हणजे बनल्यावर चमकू लागायला, वेळ लागतो आणि ते पिकायला पण ऑक्सिजनच लागतो. साधं जुनं जीएफपी असेल तर तासभर गेला तरी नवल नाही, सुपरफोल्डर किंवा म्युट-टू ही त्याची सुधारलेली रूपं फार लवकर होतात. माइटोमायसिन टाकून अर्ध्या तासाला एकच रीडिंग घ्यायचं आणि नाही म्हणायचं हे बरोबर नाही. दर दहा मिनिटांनी, चार-पाच तास, पूर्ण कायनेटिक्स घ्या.

आणि हो, प्लेटवरच्या कॉलनी ग्लो देतायत का बघायला ३०२ नॅनोमीटरच्या ट्रान्सइल्युमिनेटरवर प्लेट ठेवणारे आहेत. तो उजेडच डीएनए तोडतो! मग त्याच कॉलनीतून कंट्रोल कल्चर लावतात. निळा एलईडी दिवा आणि नारिंगी फिल्टर घ्या, ४७० च्या आसपासचा, त्याने जीएफपी पण छान दिसतं आणि पेशीला इजाही नाही.

उलटी तक्रार: काही न करताच ग्लो

यात तीन वेगळ्या गोष्टी एकमेकांत मिसळतात, ऑटोफ्लुरोसन्स (पेशीची, मीडियाची स्वतःचीच चमक), प्लाझमिडमधली गळती, आणि खरोखरच चालू असलेला एसओएस. वेगळ्या करायच्या तर दोन जास्तीच्या वेल लावा. एक, तोच प्लाझमिड पण प्रोमोटर नसलेला, एमजी१६५५ मध्ये. दोन, तुमचा पूर्ण रिपोर्टर पण रेक-ए नसलेल्या स्ट्रेनमध्ये, किंवा मिळाला तर लेक्स-ए-थ्रीमध्ये, ज्याचा लेक्स-ए कापलाच जात नाही.

रेक-ए नसताना पण तेवढाच ग्लो, म्हणजे एसओएसशी त्याचा संबंध नाही, प्रोमोटर लेक्स-एच्या ताब्यातच नाही. अशा वेळी बघा की पीसीआरमध्ये लेक्स-ए बॉक्स पूर्ण आलाय का, सीटीजीटी, मध्ये आठ बेस, मग एसीएजी, हा नमुना दिसला पाहिजे. प्रायमर बेताचा निवडला की बॉक्सचं एक टोक कापलं जातं, म्हणून स्टार्ट कोडॉनच्या मागचे दोनशे-अडीचशे बेस सरळ घ्या, काटकसर नको. नाहीतर शेजारच्या रेझिस्टन्स जीनचं ट्रान्स्क्रिप्शन वाहत तुमच्या जीएफपीमध्ये घुसतंय, मध्ये टर्मिनेटर (ट्रान्स्क्रिप्शन थांबवणारा तुकडा) टाका.

रेक-ए नसताना ग्लो गेला पण एमजीमध्ये आहे, तर एसओएस खरंच जागा आहे. आता त्याला जागं कोण ठेवतंय ते शोधा. अॅम्पिसिलिन बघा पहिलं, बीटा-लॅक्टम डीपीआय-बीए या टू-कंपोनंट सिस्टिममधून एसओएस लावतात हे माहीत असलेलं आहे. ट्रायमेथोप्रिम तर थायमिनचीच उपासमार करतं, त्यामुळे त्या रेझिस्टन्सचा प्लाझमिड या कामाला नकोच. कानामायसिन घ्या. पण रेक-ए डिलीशनचा स्ट्रेन कीओ कलेक्शनमधून (एकेक जीन काढलेल्या स्ट्रेनचा संच) आणला असेल तर त्यात पण कानामायसिनचाच कॅसेट बसलेला असतो, मग तुमचा कानामायसिनचा प्लाझमिड त्यात सिलेक्टच होणार नाही, सगळ्याच कॉलनी वाढणार. आधी एफएलपी (तो तुकडा कापून काढणारं एंझाइम) वापरून कॅसेट उडवून घ्या, तेवढं करूनच पुढे.

जुनी प्लेट हे दुसरं कारण. फ्रीजमध्ये तीन आठवडे पडलेल्या प्लेटवरून कल्चर लावू नका. पोषण संपलेल्या जुन्या कॉलनीत एसओएस आपोआप लागतो हे १९९५ साली तादेई, मातिक आणि रादमान यांनीच दाखवलंय. आणि जीएफपी टिकाऊ, एकदा बनलं की ते मोडत नाही, फक्त पेशी वाटल्या गेल्या की पातळ होतं. त्यामुळे रात्रभरच्या स्टेशनरी कल्चरमधलं जीएफपी सकाळी १:१०० केल्यावर पण सोबत येतं आणि पहिला तासभर कंट्रोल उगाच चमकतो. सकाळी १:१००, ओडी ०.३ पर्यंत, परत १:२० डायल्यूट, परत ०.१-०.२, मग औषध. कंटाळवाणं आहे, पण बेसलाइन एकदम खाली येते.

कॉपी नंबर पण बघा. पेशीत लेक्स-ए मोजकाच असतो आणि तुम्ही पीयूसी घराण्यातला हाय-कॉपी प्लाझमिड घालून लेक्स-ए बॉक्सच्या शेकडो कॉप्या केल्या, तर चार वॉचमन असलेल्या सोसायटीला शंभर गेट केल्यासारखं होतं, बहुतेक गेट उघडीच. पीएससी१०१ ओरिजिनचा (ओरिजिन म्हणजे प्लाझमिडची कॉपी सुरू होते ती जागा) लो-कॉपी घ्या. वाइझमन इन्स्टिट्यूटमध्ये उरी आलोन यांच्या ग्रुपने २००६ मध्ये ई. कोलायच्या प्रोमोटरांची जी मोठी जीएफपी लायब्ररी केली ती याच ओरिजिनवर, कानामायसिन मार्करसकट आहे, आणि त्यात एसओएसवाले प्रोमोटर पण आहेत, कोणाकडून मिळाली तर क्लोनिंगचा त्रासच वाचला.

रेक-ए प्रोमोटरवाल्यांनी मात्र बेसलाइन बघून घाबरू नये, इजा नसताना पण पेशी रेक-ए भरपूर बनवते, रीकॉम्बिनेशनला लागतं. फोल्ड चेंज (कितीपट वाढ) मोठा हवा तर सुल-ए घ्या, तो घट्ट बंद असतो. अगदी निरोगी कल्चरमध्ये पण शंभरात एखादी पेशी आपली आपण चमकतच असते, मायक्रोस्कोपखाली ती दिसली म्हणून कंटॅमिनेशन समजू नका.

प्लेट रीडर

एलबी स्वतःच हिरवं चमकतं, यीस्ट एक्स्ट्रॅक्टमधलं रायबोफ्लेविन वगैरे. जीएफपी मोजायचं तर एम-नाइन ग्लुकोज, थोडी कॅसअमिनो अॅसिड, बस. फ्लुरोसन्सला काळी प्लेट पारदर्शक तळाची, ल्युमिनेसेन्सला पांढरी, पण पांढऱ्या प्लेटमध्ये शेजारच्या वेलचा प्रकाश गळतो, तेव्हा सगळ्यात तेजस्वी वेलला खेटून शून्याचा कंट्रोल ठेवू नका. गेन (रीडरची संवेदनशीलता) ऑटोवर ठेवला तर प्रत्येक रनचा आकडा वेगळ्या पट्टीवर येतो, कालचं आणि आजचं जुळणारच नाही, एकदा ठरवून फिक्स करा.

ग्लो भागिले ओडी करताना ओडी अगदी कमी असेल, ब्लँकच्या जवळपास, तर भागाकार आकाशाला भिडतो आणि पहिल्या वीस मिनिटांत सगळ्याच वेल "इंड्यूस" झालेल्या दिसतात, तो भाग सरळ सोडून द्या. आणि लक्षात ठेवा की दोरे झालेल्या पेशींची ओडी वाढतच राहते, कॉलनी काउंट मात्र पडत असतो. ओडी चांगली आहे म्हणून पेशी ठणठणीत आहेत असं नाही.

नदीचं पाणी, कारखान्याचं पाणी वगैरे

या रिपोर्टरवर बऱ्याच जणांना डेझर्टेशनसाठी हेच करायचं असतं, आणि अर्थ लावताना इथेच गडबड होते. सॅम्पल ०.२२ मायक्रॉनमधून गाळून घ्या, नाहीतर त्यातलेच जिवाणू तुमच्या वेलमध्ये वाढतील. नळाचं पाणी असेल तर क्लोरिन थायोसल्फेटने मारा. पीएच बघा. रंगाच्या कारखान्याचं पाणी असेल तर तो रंगच प्रकाश गिळतो, ग्लो असूनही रीडरला दिसत नाही, म्हणून तेच पाणी आधीच चमकणाऱ्या कल्चरमध्ये घालून किती टक्के प्रकाश बुडतो ते मोजून ठेवा. त्यासाठी कायम चालू असणाऱ्या प्रोमोटरवरचं लक्स असलेला दुसरा स्ट्रेन प्रत्येक प्लेटवर हवाच. एसओएसवाल्याचा ग्लो वाढला आणि कायमवाल्याचा तसाच, तर खरी जीनोटॉक्सिसिटी, म्हणजे पाण्यामुळे डीएनएला इजा. दोन्ही पडले, तर पाणी नुसतं विषारी आहे किंवा रंग आडवा येतोय, डायल्यूट करून परत लावा. दोन्ही वाढले, तर बहुतेक पाण्यात पोषणच जास्त आहे.

काही गोष्टी ई. कोलायच्या आत शिरतच नाहीत, बाहेरच्या लिपोपॉलिसॅकराइडच्या थरात अडतात. १९८२ मध्ये किलार्दे आणि हॉफनुंग यांच्या टीमने एसओएस क्रोमोटेस्टसाठी जो पीक्यू३७ स्ट्रेन बनवला त्यात म्हणूनच आरएफए म्युटेशन आहे, म्हणजे तो थर विरळ, आणि यूव्हीआर-ए पण काढलेलं आहे, म्हणजे दुरुस्ती अर्धवट, इजा जास्त वेळ टिकते. तिथे ग्लोऐवजी सुल-एपुढे लॅक-झेड लावून रंग मोजतात, पण आतलं गणित हेच. जपानमधली उमु टेस्ट साल्मोनेलात, तिला आयएसओ १३८२९ असा स्टँडर्डच आहे. तुमचा एमजी१६५५ या दोघांपेक्षा कमी संवेदनशील असणार, हे रिपोर्टमध्ये लिहा.

आणि बेंझोपायरीन, अफ्लाटॉक्सिन बी-वन असल्या गोष्टी मुळात डीएनएला काही करत नाहीत, लिव्हरमधल्या एंझाइमने त्यांचं रूप बदललं की मग त्या चिकटतात. बॅक्टेरियाकडे ती एंझाइम नाहीत. त्यासाठी उंदराच्या लिव्हरचा एस-नाइन अर्क, एनएडीपी वगैरे को-फॅक्टरसकट घालावा लागतो, महाग आहे, उणे ८० ला ठेवावा लागतो, एकदा वितळला की परत गोठवायचा नाही. बजेटमध्ये बसत नसेल तर ठीक आहे, पण मग टेबलमध्ये नुसतं "निगेटिव्ह" लिहू नका, "एस-नाइनशिवाय निगेटिव्ह" लिहा, व्हायव्हाला पहिला प्रश्न त्याच रकान्यावर येतो.